मशीन आमचंच आहे

मिस्त्रींना ऐकू येत नाही, यावर घरात एकमत होतं. एकटे मिस्त्री त्यात सामील नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की आपले कान ठणठणीत आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. बायको बोलते ती नेहमी पाठ करून बोलते, लेक फोनवर आगगाडी सुटल्यासारखी बोलते, आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांना तर मुळात काही सांगायचंच नसतं. मग माणसानं ऐकायचं काय?

पुरावा हवा असेल तर तो रोज दुकानात मिळत होता. मिस्त्री शिलाईची मशीनं दुरुस्त करत. गिऱ्हाईक मशीन काउंटरवर ठेवून तक्रार सांगायला लागलं की ते हात वर करत. "तुम्ही नका सांगू. त्याला सांगू दे." मग चाक हातानं दोनदा फिरवत, मान तिरकी करत, डोळे मिटत आणि म्हणत, "शटलला ओरखडा आहे. सुई बदलताना कुणीतरी घाई केलीय." आणि मग नुसते बघत राहत. बहुतेक वेळा गिऱ्हाईक आपणहून कबूल करून टाकी. असल्या कानांच्या माणसाला बहिरा म्हणायचं म्हणजे कमालच होती.

दुकानाच्या मागे घर. दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीला टेकून पलीकडे बायकोचं मशीन. गल्ली तिला टेलरबाई म्हणे. पडदे, फ्रॉक, शाळेचे गणवेश, आखूड झालेल्या विजारी, सैल झालेले कोट, सगळं बाईंच्या हाताखालून जायचं. पायानं चालवायचं जुनं मशीन होतं. लेकीनं दोनदा मोटरचं देऊ केलं, बाईंनी दोन्हीदा नको म्हटलं. मिस्त्रींना त्यात मनातून आनंद झाला होता, पण तो त्यांनी दाखवला नाही. कारण मोटर सगळ्यांच्या पायाखाली सारखीच चालते, आणि बाईंचं मशीन फक्त बाईंसारखं चालायचं.

चौतीस वर्षं मिस्त्री त्या फळीच्या अलीकडे बसून बायकोला ऐकत आले होते. म्हणजे बायकोच्या मशीनला. रागावली की लांबच्या लांब शिलाई एका दमात मारायची. हिशेब जमत नसेल, कापड कमी पडत असेल, तर चार टाके आणि थांबा, चार टाके आणि थांबा. पाय दुखत असले की सुरुवातीचा पहिला हेलकावा जड यायचा. आनंदात असली की बॉबीन भरतानासुद्धा एक लय असायची. तोंडानं विचाराल तर उत्तर एकच: "काही नाही." लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली त्या दिवशीही "काही नाही" म्हणाली होती, आणि तास-दीड तास पडद्याची एकच कड शिवत आणि उसवत होती. मिस्त्री मधलं दार उघडून आत गेले, चहाचा कप मशीनच्या कडेला ठेवला आणि काही न बोलता परत आले. थोड्या वेळानं मशीन नीट चालायला लागलं. या घराचा संसार असा चालला होता आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग न्हाणीघराची कडी अडकली.

बाई आत होत्या. त्यांनी हाका मारल्या, दार वाजवलं, बादली आपटली. मिस्त्री दहा पावलांवर बसले होते आणि एका मशीनच्या आतला केसाएवढा ओरखडा कानानं शोधत होते. तो त्यांना सापडला. बायको सापडली नाही. पाऊण तासानं पडदे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकीणबाईंनी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या घरात कुणी ओरडतंय का?" तेव्हा कुठे दार उघडलं. बाई बाहेर आल्या त्या शब्दही न बोलता मशीनवर जाऊन बसल्या. त्या दुपारी फळीपलीकडून जे काही ऐकू आलं, ते पुन्हा आयुष्यात ऐकायला लागू नये असं मिस्त्रींना वाटलं.

चार दिवसांत लेक आली आणि बापाला हाताला धरून कानवाल्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि मुख्य म्हणजे तोंडातल्या तोंडात बोलत नव्हत्या. त्यांनी मिस्त्रींना एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक शिट्या ऐकवल्या. कागदावर रेघ आली ती डावीकडून छान निघाली होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"जाड आवाज तुम्हाला चांगले येतात," मॅडम म्हणाल्या. "बारीक येत नाहीत. म्हणून माणसांचं बोलणं अर्धवट कळतं."

"म्हणजे कान निम्मे चांगले आहेत," मिस्त्री लेकीला म्हणाले. लेकीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

यंत्रं आली. दोन, शेंगदाण्याएवढी. मॅडमनी कौतुकानं सांगितलं, की या नव्या यंत्रात एक छोटा मेंदूच आहे. त्याला लाखो आवाज ऐकवून शिकवलंय, की माणसाचं बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता. बोलणं तो पुढे आणतो, गोंगाट मागे सारतो. शिवाय दिवसाला किती तास घातलं, किती पावलं चाललात, कुठे धडपडलात का, हे सगळं तो फोनवर सांगतो.

"कुणाच्या फोनवर?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या," लेक म्हणाली.

यंत्रं कानात घालून मिस्त्री घरी आले आणि त्यांना पहिला शोध लागला, की बायकोच्या वाक्यांना शेवट असतो. इतकी वर्षं त्यांना पहिला अर्धा भाग मिळत होता आणि उरलेला ते आपल्या अंदाजानं भरत होते. ते अंदाज किती उदार होते हे आता कळलं. "तुम्हाला काय, तुम्ही आपले..." याच्यापुढे "कामात असता" असं काहीतरी असावं, अशी त्यांची समजूत होती. तसं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सुटकेचा एक प्रयत्न करून पाहिला. यंत्रं कानातून काढून दुकानाच्या खणात चालू रेडिओजवळ ठेवली. तास भरतील आणि आपले कानही मोकळे राहतील. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आज तुम्ही नऊ तास बोलणं ऐकलंत आणि एकही पाऊल चालला नाहीत. खणात ठेवलं होतंत ना?" मिस्त्री म्हणाले, "पाय दुखत होते." तेवढ्यात मागून बाई म्हणाल्या, "खणात ठेवलं होतं," आणि हे मात्र मिस्त्रींना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

मग त्यांनी हार मानली. सकाळी उठल्यावर यंत्रं कानात, झोपताना डबीत. बाई खूश होत्या. एकदा हाक मारली की उत्तर येत होतं. शेजारीपाजारी सांगत होत्या, "आता यांना सगळं ऐकू येतं हो."

सगळं येत होतं, एक सोडून. त्या शहाण्या मेंदूनं मशीनची गणना गोंगाटात केली होती.

मशीनचा आवाज सुरू झाला, की यंत्र क्षणभर कान देई, हा काही माणूस नव्हे असं ठरवी, आणि हळूच दार लोटून घेई. मागे राही नुसती कापसासारखी शांतता. मिस्त्रींना वाटलं, ज्यानं या मेंदूला शिकवलं त्याच्या घरी कुणी कधी काही शिवलेलं नसणार. यंत्रं काढून ठेवावीत, तर लेकीच्या फोनवर लगेच कळे. दुकानाचं त्यांनी निभावून नेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, की आतली खडखड हाडातून कळते, ही जुनी युक्ती त्यांना ठाऊक होती. अडलं ते फळीच्या पलीकडचं. बायकोला काही स्क्रूड्रायव्हर लावून बघता येत नाही.

"आज गप्पशी आहेस. काय झालं?" ते आता विचारू लागले.

"काही नाही."

किती स्पष्ट ऐकू आलं! एकेक अक्षर सुटं. आणि मिस्त्रींनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यावर विश्वास ठेवला. काही नाही म्हणते आहे म्हणजे काही नसेल. आपल्याला आता ऐकू येतं, मग शंका कशाला?

असे चार महिने गेले. मधल्या काळात बाईंनी मशीन खिडकीजवळ ओढून घेतलं, म्हणाल्या उकडतं. दिवा बदलून घेतला, म्हणाल्या जुना लुकलुकत होता. काळ्या कापडाचं काम घ्यायचं बंद केलं, म्हणाल्या कंटाळा आला. गिऱ्हाइकीणबाई पडदा परत घेऊन आल्या. त्याची खालची कड नागमोडी गेली होती. बाईंनी पडदा ठेवून घेतला आणि "कापडच सुळसुळीत होतं" असं सांगितलं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, प्रत्येक कारण मिस्त्रींना नीट ऐकू आलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली.

तरी बाई पहिल्यासारख्या नव्हत्या. जेवताना त्यांच्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. मिस्त्री दुकानात बसले की उगाच फळीकडे बघत राहत. तिकडून काहीतरी सांगितलं जातंय आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, असं त्यांना वाटे. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण घरात आता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

शेवटी त्यांनी कानवाल्या मॅडमना फोन केला. "मॅडम, यंत्र उत्तम आहे. फक्त मला आमच्या हिचं मशीन ऐकायचंय."

"पण तोच तर त्रासदायक आवाज असतो, काका. लोक तो बंद करून मागतात."

"त्या लोकांची लग्नं कशी झालीत मला माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. "मला तो हवाय."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणा, त्याच्यावरून तुमच्यासाठी वेगळी सेटिंग करते. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी फोन बाईंच्या मशीनवर, कात्रीशेजारी ठेवला.

"हे कशाला?"

"मॅडमना तुझ्या मशीनचा आवाज हवाय. माझ्या कानांसाठी. नेहमीसारखं शिव, काही वेगळं करू नकोस."

बाई फोनकडे जरा वेळ बघत राहिल्या. "नेहमीसारखं?" त्यांनी विचारलं. मिस्त्री हो म्हणाले आणि दुकानात गेले. दहा मिनिटांनी येऊन फोन उचलला आणि खिशात टाकला. रेकॉर्ड झालेलं ऐकून बघायचा प्रश्नच नव्हता. यंत्रानं तेही मागे सारलं असतं.

मॅडमकडे दोघंही गेले. बाई एरवी कधी बरोबर येत नसत, त्या दिवशी आपणहून चपला घालून तयार होत्या. मॅडमनी मिस्त्रींना खुर्चीत बसवलं, शेजारच्या खुर्चीवर बाई बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मी आता यंत्रातली सगळी गाळणी काढून टाकते," मॅडम म्हणाल्या. "जे आहे ते सगळं येईल. आवाज सहन होतो का सांगा." त्यांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं.

आणि चार महिन्यांनी मिस्त्रींच्या कानात मशीन आलं. जाड आवाज तर होतेच, पण बारीकही होते, कित्येक वर्षांत न ऐकलेले. दोऱ्याच्या रिळाची कुरकुर, पट्टा चाकावरून सरकताना होणारी सळसळ, सुईखालच्या लोखंडी दातांचं कापड पुढे ढकलणं. मिस्त्रींनी सवयीनं मान तिरकी केली आणि डोळे मिटले.

तीन टाके. थांबलं. एक टाका, तोही पायानं नाही, हातानं चाक फिरवून. थांबलं. टक्, सुई पट्टीवर आपटली. दोरा तुटला. मग शांतता. खूप वेळ शांतता. पुन्हा रिळाची कुरकुर, पुन्हा शांतता. मिस्त्री मनात मोजायला लागले. सुईत दोरा ओवायला एवढा वेळ?

"कसं वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

मिस्त्रींनी हात वर केला. "तुम्ही नका सांगू." अजून थोडं ऐकलं. मग डोळे न उघडताच, दुकानात सांगत त्याच आवाजात म्हणाले, "मशीनमध्ये काही बिघाड नाही. मशीन आमचंच आहे, तेल मीच घातलंय. पण चालवणारी दुसरी कुणी आहे. ही आमची नव्हे. हिला दिसत नाहीये. सुईच्या भोकात दोरा जातोय की बाहेर, ते हिला बोटानं चाचपावं लागतंय. टाका कुठे पडणार याची भीती आहे, म्हणून पाय टाकत नाही, हातानं चाक फिरवते आहे." त्यांनी डोळे उघडले. "कुणाला बसवलं होतंस गं मशीनवर?"

बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर कानाचं मोठं रंगीत चित्र होतं.

"मीच आहे ती," त्या म्हणाल्या.

खोलीत नुसतं रेकॉर्डिंग चालू राहिलं. तीन टाके, थांबलं. मॅडमनी ते हळूच बंद केलं आणि त्यांना एकदम कुठलासा कागद आणायला बाहेर जावंसं वाटलं.

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"झाले चारेक महिने. उजव्या डोळ्यापुढे धुकं आल्यासारखं होतं. डाव्यालाही थोडं."

"मग बोलली का नाहीस? मी रोज विचारत होतो! तू काही नाही म्हणालीस!"

"मी नेहमीच काही नाही म्हणते," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं म्हणतेय. तुम्ही कधी ऐकलंय का ते? तुम्ही चहा घेऊन यायचात. या वेळी मी वाट बघितली. म्हटलं, यांना कळेल, यांना नेहमी कळतं. एक महिना गेला, दोन गेले. म्हटलं, आता तर यांना सगळं ऐकू येतं, तरी येत नाहीत, म्हणजे यांना कळलंय आणि यांनी ते सोडून दिलंय."

आपण मूर्ख आहोत एवढंच मिस्त्रींना स्पष्ट कळत होतं. दोन शेंगदाण्यांवर भरवसा ठेवून त्यांनी बायकोचं बोलणं खरं मानलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"काल फोन ठेवलात ना," बाई म्हणाल्या, "तेव्हा आधी वाटलं, नीट चालवावं. एक सरळ शिलाई डोळे मिटूनही येईल मला. मग म्हटलं, जाऊ दे. कळू दे एकदाचं."

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात खरोखरच कागद होता. त्यावर एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता होता. मग त्यांनी मिस्त्रींच्या यंत्रात नवी सेटिंग बसवली आणि तिला नाव काय देऊ असं विचारलं. घर, बाजार, सभा अशी नावं आधीच होती. "पलीकडची खोली," मिस्त्री म्हणाले. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, हे पलीकडची खोली काय आहे? यात तर बोलणं कमी ऐकू येईल तुम्हाला!" "चालेल," मिस्त्री म्हणाले. "बोलण्यानं फार फसवलं मला." मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच असं झालं, की फोनच्या त्या टोकाला बराच वेळ कुणी भरभर बोललं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. आधी उजवा डोळा, महिन्यानं डावा. हल्ली पाव तासाचं काम असतं, जुनं भिंग काढायचं, नवं बसवायचं, त्याच दिवशी घरी. मिस्त्रींना हे फार पटलं. झिजलेला भाग काढून नवा बसवणं यात त्यांना भिण्यासारखं काही दिसेना. तसं त्यांनी बाईंना दोन-तीनदा समजावून सांगितलं, सुट्या भागांची उदाहरणं देऊन.

"मला कसली भीती?" बाई म्हणाल्या. "तुमचं काम संपवा तुम्ही."

ऑपरेशनचा दिवस उजाडला. दहाला निघायचं होतं. मिस्त्री साडेआठलाच तयार होऊन दुकानात येऊन बसले. शटर अर्धंच वर होतं. पलीकडे मशीन चालू झालं. आज काम कसलं काढलंय हिनं? त्यांनी बोटानं यंत्राचं बटण दाबून पलीकडची खोली लावली.

मशीन जोरात चालत होतं. न थांबता, न अडखळता. पण आवाज चुकीचा होता. दातांना कापडाचा भार लागला की आवाज खाली बसतो, थोडा दबतो. हा मोकळा होता, कोरडा, लोखंडावर लोखंड. रिळाची कुरकुरही नव्हती. दोरा नाही, कापड नाही. बाई रिकामं मशीन चालवत होत्या.

मिस्त्री उठले. चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळले आणि मध्येच त्यांना आठवलं, की ऑपरेशनच्या आधी काही घ्यायचं नाही असं सांगितलंय. म्हणजे चौतीस वर्षांचं औषधही आज चालणार नव्हतं. ते तसेच मधल्या दारात उभे राहिले. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, हात मांडीवर, पाय मात्र पळत होते.

"काय गं, काय झालं?" त्यांनी विचारून पाहिलं.

"काही नाही."

मिस्त्रींनी टोपलीतून एक पांढरी चिंधी उचलली. स्टूल ओढून बाईंच्या शेजारी बसले आणि चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. सुईत दोरा ओवला; त्यांनाही तीनदा प्रयत्न करावे लागले. चिंधी सुईखाली सरकवली.

"रिकामं मशीन चालवू नये," ते म्हणाले. "दात घासले जातात. चालवायचंच तर यावर चालव."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कितपत दिसले ते त्यांनाच ठाऊक. मग पाय पुन्हा हलले. एक ओळ गेली, पार वाकडी. बाईंनी चिंधी वळवली, दुसरी ओळ मारली, ती पहिलीला जाऊन भिडली. तिसरी, चौथी. मिस्त्री शेजारी बसून नुसते ऐकत होते. हळूहळू पायांची घाई कमी झाली, हेलकावा जागेवर आला. घड्याळात साडेनऊ झाले तशी बाईंनी दोरा कापला, चिंधी बाजूला टाकली आणि पदर सारखा केला.

"चला," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी चिंधी उचलून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा नर्सनं डोळ्यावरची पट्टी काढली. बाईंनी पापण्या उघडझाप केल्या आणि सगळीकडे बघून घेतलं. छत बघितलं, खिडकी बघितली, नर्सच्या खिशावरची शिलाई बघून "छान आहे, मशीन कोणतं?" असं विचारायला गेल्या. मग त्यांची नजर नवऱ्यावर आली.

"अहो, दाढी नीट करत जा. गालावर अर्धी राहिलीय. किती दिवस असेच फिरताय?"

"पाच महिने," मिस्त्री म्हणाले. "तू काही बोलली नाहीस." डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून त्यांनी खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर चिंधी बाहेर आली आणि बाईंच्या मांडीवर पडली.

बाईंनी ती उचलली. नव्या डोळ्यासमोर धरली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे? कुणी शिवलंय हे? किती वाकडं!"

"आहे एक टेलरबाई," मिस्त्री म्हणाले. "तिला मुळीच भीती वाटत नव्हती, तेव्हा शिवलंय."

बाईंनी चिंधी वरून खाली नीट बघितली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "शेवटच्या दोन ओळी बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"तोवर मला शेजारी बसून बराच वेळ झाला होता."

"त्याचं काही नाही," बाई म्हणाल्या, आणि चिंधीची बारीक घडी घालून त्यांनी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.